बिराप्पाच्या नावाचं पाकीट

टपालाची पिशवी दुपारी दोनला यायची आणि तिच्या आधी धुळाबाबा यायचा. शाळेच्या पडवीतच आमचं पोस्ट होतं. मास्तर मीच आणि पोस्टमास्तरही मीच. मी कराडकडचा, कृष्णाकाठचा माणूस. आटपाडीच्या उघड्या माळावर बदली झाली ती मला शिक्षाच वाटत होती, आणि तो राग मी येईल त्याच्यावर काढत होतो.

"गुर्जी, माजा कागुद?"

"नाही."

"नीट बगा की. पिशवीच्या तळाला ऱ्हायला आसंल."

मी पिशवी उलटी करून झटकायचो. तो वाकून बघायचा, "बरं" म्हणायचा, घोंगडं खांद्यावर सारखं करून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाबा, तुम्हाला लिहिणार कोण? तुमच्या शेरड्या?"

तो हसला नाही. "पल्टणीचा कागुद याचा हाय," एवढंच म्हणाला. लढाई संपून सत्तावीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं पलटणीच्या कागदाची वाट बघणारा माणूस एक तर खुळा असतो, नाहीतर लबाड. मी त्याला खुळ्यात काढला होता.

त्र्याहत्तर साल उजाडलं तेव्हा विहिरी तळाला गेल्या होत्या आणि सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होता. मला तिथं हजेरीला नेमलं. धुळाबाबा हातोडी चालवता चालवता त्याच्या बेटाच्या गोष्टी सांगायचा. सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती लागला. विमानतळाच्या मातीकामावरून पळाला, झाडीत लपला, आणि एका कोळ्यानं त्याला होडीत घालून आपल्या बेटावर नेलं. बेटाला तो तिकडच्या बोलीत 'पुलाव' म्हणायचा. मी म्हणायचो, बरं झालं, निदान भाताच्या नावाचं तरी बेट. बायका हातोड्या थांबवून हसायच्या.

खांबांवर उभी असलेली घरं, खाली भरती-ओहोटीचं पाणी, अंगणात वाळत घातलेली मासळी. मेंढरांमागं जन्म गेलेल्या ह्या माणसाला आधी त्या वासानं ओकारी यायची, मग त्याच्याशिवाय घास उतरेना. साडेतीन वर्षं तो तिथं राहिला.

"चारी अंगाला पानी," तो सांगायचा, "पर प्याला खारट. बाया होडीनं दुसऱ्या बेटावनं पानी आनायच्या. मी म्हनलं, मला हिंडू द्या. तीन दिस पाटंचा अनवानी हिंडलो. येका जागी वाळू पायाला गार लागली. तितं आकरा हात खनलं. गुर्जी, नारळासारकं ग्वाड पानी!"

"मग इथं काढा की," कोणीतरी म्हणायचं.

तिथं तो मान खाली घालून पुन्हा खडी फोडायला लागायचा. कारण इथंही तो अनवाणी हिंडला होता. तीन जागा दाखवल्या, लोकांनी तिन्ही खणल्या, तिन्ही कोरड्या निघाल्या. लोक तेवढंच धरून बसले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. मीही म्हणालो होतो.

जुलैमध्ये ते पाकीट आलं. निळसर, हवाई टपालाचं, तिकिटावर फुलपाखरू. पत्ता इंग्रजीत: कैलासवासी बिराप्पा शिपाई यांचे कुटुंब, गाव आमचं, तालुका आटपाडी, जिल्हा सातारा. आमचा भाग सातारा जिल्ह्यातून फुटूनही जमाना झाला होता, त्यामुळे पाकीट आधी साताऱ्यात भटकून, मग सांगलीचा शिक्का खाऊन आलं होतं.

बिराप्पा हे नाव मला ठाऊक होतं. बिरोबाच्या देवळामागं एक दगड उभा होता. त्यावर कोरलं होतं, 'बिराप्पा, लढाईत पडला'. मी गावात नवा होतो तेव्हा, सत्तर साली, ह्याच नावाचं एक परदेशी पाकीट आलं होतं. गावचा कोतवाल अर्जुना ह्याला मी विचारलं होतं, हा कोण? त्यानं नाव उच्चारलं नाही, नुसतं त्या दगडाकडं बोट दाखवलं. "त्यो मेला. परत लावा." माझं इंग्रजी गावाला कधी दिसणार, म्हणून मी झोकात लिहिलं होतं, 'पत्ताधारक मयत', आणि खाली लपेटदार सही ठोकून पाकीट परत पाठवलं होतं. त्यावर मी पुन्हा विचारही केला नव्हता.

आता दुसरं पाकीट हातात धरून मी म्हणालो, "घ्या, पुन्हा त्या मेलेल्या माणसाचं आलं."

धुळाबाबानं तिकिटावरचं फुलपाखरू बघितलं आणि काठी सोडून दिली. ती पायरीवरून गडगडत खाली गेली. "पुन्यांदा म्हंजी? आदी आलं हुतं?"

"तीन वर्षांमागं, तुम्ही मेंढरं घेऊन लांब गेला होता तेव्हा. मी परत पाठवलं."

तो खाली बसला. मग हात पुढं केला. "द्या. माजं हाय."

"बाबा, हे बिराप्पाचं आहे."

"ठावं हाय."

"मग तुम्ही कोण?"

"त्ये मला बोलता येत न्हाई, गुर्जी. पाया पडतो, द्या."

आणि खरंच तो माझ्या पायाशी वाकला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी घाबरून मागं सरलो आणि अर्जुनाला हाक मारली. अर्जुनानं पाकीट बघितलं, म्हाताऱ्याला बघितलं आणि डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. गावाला ठाऊक असलेली आणि मला एकट्यालाच ठाऊक नसलेली गोष्ट त्यानं मला तेव्हा सांगितली.

लढाई चालू असतानाच सरकारचा कागद आला होता की शिपाई बेपत्ता, मेल्यात जमा. घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला, दहावा-तेरावा घातला, दगड उभा केला. तानुबाईनं कुंकू पुसलं. आणि सेहेचाळीस साली हा उन्हाचा चालत गावात आला. बायका किंचाळून पळाल्या. देवऋषीनं देवळात सांगितलं, ज्याचे दिवस घातले तो मेला. ह्याला राहायचं तर पुन्हा जन्माला यायला पाहिजे. मग त्या मिशावाल्या गड्याला न्हाऊ घातलं, घोंगड्याची झोळी बांधून तीत निजवलं, आणि त्याची म्हातारी आत्या अंबूबाई हिनं कानात कुर्रर करून नवं नाव ठेवलं: धुळा. बाळंतविडा वाटला. लोक हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवशी त्याचं तानुबाईशी पुन्हा लग्न लावलं.

"आनि शपत घातली," अर्जुना म्हणाला. "तानुवयनीच्या डोस्क्यावर हात ठिवून. मेल्या नावानं बोलायचं न्हाई, त्या नावानं कागदावर अंगटा उठवायचा न्हाई. न्हाईतर त्ये नाव मानसाला संगं घिऊन जातं. म्हनून म्या दगूड दावला, गुर्जी. मला काय ठावं ह्यो त्याचीच वाट बगतोय. आमाला तर पल्टणीचं सांगायचा."

मी पाकीट फोडलं. पत्र इंग्रजी अक्षरात होतं, पण इंग्रजी नव्हतं. मला एका शब्दाचा अर्थ लागेना. धुळाबाबाला भाषा कळत होती, पण अक्षर ओळखत नव्हतं. तेव्हा असं झालं, की मी न कळता वाचत गेलो आणि तो न बघता ऐकत गेला. पहिल्या ओळीत 'साल्माह' असं नाव आलं तसा तो पुढं सरकला. 'पेरिगी बिराप्पा' म्हटलं तेव्हा "पेरिगी म्हंजी हीर. म्या खनल्याली," असं पुटपुटताना त्याच्या तोंडावर हसू आलं; तसं हसू मी त्याच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. मग मी वाचलं, "एमाक सुदाह मेनिंगाल." हसू तिथंच राहिलं, पण डोळे गेले. मी थांबलो. "वाचा," तो म्हणाला. शेवटची ओळ होती, "बिला आयाह मेनिंगाल?" ती त्यानं मला तीनदा वाचायला लावली.

एवढ्यात कोणीतरी सांगितल्यामुळे तानुबाई कामावरून तशीच आली. अंगावर खडीची धूळ, कपाळाला मोठं कुंकू. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

मला वाटलं, तो काहीतरी थाप मारेल. इतकी वर्षं मारलीच होती. पण त्यानं मान खाली घातली आणि सगळं सांगितलं.

"तितं येक बाई हुती. मीनाह. तितल्या इमामानं निका लावला. इंग्रज आलं तवा म्या तिला म्हनलं, पल्टणीला त्वांड दावून म्हैन्यात म्हागारी येतो. तिला दिस गेलं हुतं. बोटीवर घातलं त्ये सरळ मुंबैला उतरिवलं. ही साल्माह आमची लेक. मास्तरीन हाय. आय म्हनायची, बाप येनार, म्हनून शिकल्यावर तिनं पैला कागुद धाडला. त्यो म्हागारी गेला. मेला म्हनून. आयीनं चार म्हैनं धा दिस सुतक धरलं. सुतक फिटलं आनि ती हातरुनाला लागली. ह्या वर्साला ग्येली. म्हनली, आता त्यो देवाघरीच गावंल."

पाकिटात घडी घालून काहीतरी अजून होतं. मी बाहेर काढलं. माझंच ते जुनं पाकीट. माझंच लपेटदार अक्षर, माझीच सही.

"ह्ये काय लिवलंय?" धुळाबाबानं त्यावर बोट ठेवून विचारलं.

खोटं बोलायला मला पूर्ण मोकळीक होती. त्याला वाचता येत नव्हतं, अर्जुनालाही नव्हतं. पण जीभ रेटेना. "मयत असं लिहिलंय, बाबा. मी लिहिलंय. कोणालाही घरात जाऊन न विचारता." मला रडू फुटलं. वर्गात पोरांनी चूक केली की मी हातावर छडी मारत असे. ह्या चुकीला कुठली छडी पुरली असती?

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी काय खोटं लिवलं न्हाई, गुर्जी. दगूड उबा हायच की."

"लेक काय विचारतीया?" तानुबाई म्हणाली. "शेवटाला काय हुतं त्ये?"

"बाप कवा मेला." तो म्हणाला. "कुटल्या दिशी. म्हंजी त्या दिशी तिला लोकास्नी जेवाय घालता यील."

बाहेर टँकर आला होता, हंडे आपटत होते, बायका एकमेकींवर ओरडत होत्या. मी कागद घेतला. "बाबा, आत्ताच्या आत्ता लिहू. तुम्ही त्यांच्या बोलीत सांगा, मी अक्षरं उतरवतो. तुम्ही जिवंत आहात."

त्यानं सांगितलं, मी उतरवलं. चारच ओळी. मग सहीची जागा आली.

"धुळा लिहू?"

"धुळा कोन, तिला काय ठावं? धुळ्यानं लिवलं तर कुनीबी लिवलं."

"मग मी ते दुसरं नाव लिहितो. तुम्ही बोलू नका, नुसता अंगठा द्या."

त्यानं हात मागं घेतला. "शपत हाय. तिच्या डोस्क्यावर हात ठिवला हुता म्या." आणि मग त्यानं तानुबाईकडं बघितलं नाही, आमच्याकडंही बघितलं नाही, कपाळ भिंतीवर आपटत राहिला. एकदा, दोनदा, चारदा. "तिची आय मारली म्या. आता लेकीलाबी मेलाच ऱ्हातो. लिवा कायबी वार. मंगळवार लिवा. मंगळवारी मेला म्हनावं."

अर्जुनानं त्याला धरलं. त्या वेळी मी मंगळवार लिहिलाही असता, इतकं मला ते बघवत नव्हतं.

तानुबाई चौकट सोडून पुढं आली. मला वाटलं, आता ही कागद फाडणार. सवत होती, तिकडची पोर होती, आणि नाव घेतलं तर नवरा जाणार ही धास्ती सत्तावीस वर्षं उराशी धरली होती तिनंच. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"झोपंत कुनाशी बोलत हुता, मला ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "रोज राती मीनाह, मीनाह. म्या कवा इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर तुमी ग्येला आसता." तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची माती पुसली. "म्या तीन वर्सं पांढऱ्या कपाळानं काडली. मेल्याची वाट बगनं काय आसतं त्ये मला ठावं हाय. त्या पोरीनं कशापायी बगायची?"

तिनं त्याचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "सुटली," ती म्हणाली. "शपत सुटली."

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तानुबाईनं धुळा हे नाव कधी घेतलं नव्हतं, आणि दुसरं तर तो परतल्यापासून गावातल्या कोणीच घेतलं नव्हतं. ती माझ्याकडं वळली. तिला किती भीती वाटत होती ते मला स्पष्ट दिसत होतं.

"बिराप्पा," ती म्हणाली. "बिराप्पा लिवा, गुर्जी. जित्ता हाय म्हनून लिवा."

मी लिहिलं. शाईची गादी पुढं केली. म्हाताऱ्याचा अंगठा कागदावर ठरेना, तेव्हा तानुबाईनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि त्या नावाखाली तो दाबून ठेवला.