देवळातून बेपत्ता झालेली धावपटू

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. त्या धावपटू मुलीचा दिवस मात्र तसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. शेजारी देशांच्या क्रीडास्पर्धा मद्रासला भरणार होत्या आणि त्याआधी काही संघ सरावासाठी तंजावूरला उतरले होते. मी तिथल्या ठाण्याचा निरीक्षक. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचं. घरात मराठी, ठाण्यात तमिळ.

शहरात नव्या पाट्या, रंगवलेल्या भिंती, परदेशी पाहुण्यांची हौस. आणि आमच्या सगळ्यांच्या रजा बंद. काही वर्षांपूर्वी राज्यात झालेल्या माजी पंतप्रधानांच्या हत्येनंतर श्रीलंकेतून आलेल्या प्रत्येकावर नजर ठेवण्याचे आदेश होते. त्यात श्रीलंकेचा संघ आमच्याच हद्दीत.

त्या सकाळी संघाला मोठ्या देवळात नेलं होतं. बसमध्ये चढताना एक मुलगी कमी भरली. लांब पल्ल्याची धावपटू, संघातली एकटी तमिळ. नंदीमंडपापासून मागच्या ओवऱ्यांपर्यंत शोधलं, पत्ता नाही. एसपी साहेब वायरलेसवर म्हणाले, "संध्याकाळी त्यांच्या वकिलातीचा माणूस येतोय. त्याआधी मुलगी पाहिजे. नाही मिळाली तर सगळ्या स्पर्धेवर पाणी पडेल."

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "त्या पोरीशी बोलणारा माणूस जुन्या बसस्टँडवर बसलाय. निर्वासितांच्या छावणीतला आहे." आम्ही त्याला उचलून आणलं. पन्नाशीचा, वाळलेला, खांद्यावर पंचा. नाव सांगितलं, छावणी सांगितली. पुढे तोंड बंद. मी समजावलं, आवाज चढवला, पाणी दिलं, पुन्हा विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला. माझा हेड कॉन्स्टेबल कानाशी म्हणाला, "अय्या, हा पढवलेला आहे. माझ्या ताब्यात द्या." मी त्याला थांबवलं, पण बाहेर ऊन कलायला लागलं तसा माझाही धीर सुटत चालला होता.

एवढ्यात मुलीचं वर्णन द्यायला संघाचे डॉक्टर आले. त्यांच्याबरोबर प्रशिक्षिका होत्या, करड्या केसांच्या सिंहली बाई. डॉक्टर म्हणाले, "काल सरावात तिचा पाय मुरगळलाय. पट्टी बांधलीय. जास्त चालली तर संपलंच." ते इंग्रजीत बोलत होते, मी तमिळमध्ये हेड कॉन्स्टेबलला सांगितलं.

जमिनीकडे बघणाऱ्या त्या माणसाने मान वर केली.

"कोणता पाय?"

पळवून नेणारा असा प्रश्न विचारत नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि विचारलं, "तुमची कोण ती?"

"मुलगी, अय्या."

मग तो थांबेना. गोळीबारातून नवराबायको होडीने इकडे आले, लहानगी तिकडे मावशीपाशी राहिली. मावशीने तिला आपल्या नावावर वाढवलं आणि आईबाप वारल्याचं लोकांना सांगितलं. आता आई अंथरुणाला खिळलेली, कावेरीपलीकडच्या तिरुवैयारु गावी ओळखीच्यांकडे. इथे येणाऱ्या संघात तिचं नाव वर्तमानपत्रात वाचून बाप देवळाच्या दाराशी उभा राहिला. एकत्र दिसू नये म्हणून मुलीला आधीच्या बसने पाठवलं आणि स्वतः दुपारच्या बसची वाट बघत बसला. "आमचं नाव फुटलं तर तिच्यावर संशय येईल, तिचं धावणं संपेल, म्हणून बोललो नाही."

प्रशिक्षिका हट्टाने जीपमध्ये बसल्या. कावेरीपलीकडे झावळ्यांनी शाकारलेल्या एका खोलीत मुलगी आईचे पाय चेपत बसली होती. माझा गणवेश बघून ती ताडकन उठली.

"अय्या, अप्पांना मारलंत का?"

"नाही पोरी. बाहेर जीपमध्ये आहेत."

आईने प्रशिक्षिकेचा हात धरून डोळ्यांना लावला. बाईंनी तो काढून घेतला नाही. बऱ्याच वेळाने त्या मला म्हणाल्या, "माझी खेळाडू एका आजारी बाईला बघायला आली होती. मला एवढंच माहीत आहे. तुम्हाला?"

"मलाही एवढंच."

एसपी साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डायरीत किती लिहिणार?" मी लिहिलं: मुलगी एका आजारी स्त्रीच्या घरी सुखरूप मिळाली, गुन्हा घडल्याचे दिसत नाही. वकिलातीच्या माणसाने ते दोनदा वाचलं आणि मान डोलावली.

समोरचा घाबरलेला दिसला की तो कशाला घाबरलाय हे आम्ही शोधतो. कोणासाठी घाबरलाय, हेही विचारावं लागतं. हे मला त्या दिवसाने शिकवलं, आणि पुढे खूप ठिकाणी उपयोगी पडलं.

आठवड्याने तिचा पाय सुधारला आणि ती तंजावूरच्या मैदानावर सरावाच्या शर्यतीत उतरली. बापाला छावणीतून बाहेर पडायची परवानगी मी मिळवून दिली होती. बंदोबस्तावरच्या पोलिसाला खेळ बघता येत नाही. पाठ मैदानाकडे आणि तोंड गर्दीकडे ठेवावं लागतं. बाप पायऱ्यांवर अनोळखी लोकांत बसला होता. फेऱ्या सरत गेल्या तसा तो पुढे सरकत गेला. शेवटी उभा राहिला, आणि नाव तोंडून निघू नये म्हणून पंचा दातांत धरला. माझ्या पाठीमागे मैदानापलीकडचे लोक ओरडत होते. मी वळलो नाही. मला सगळी शर्यत समोर दिसत होती.