डोंगरताईंचं अठरावं पान

डोंगर काढण्यात डोंगरताईंचा हात धरणारं त्या चित्रशाळेत कुणी नव्हतं. एकट्यानेच शिखरं चढणाऱ्या एका अबोल माणसाची मांगा तिथे तयार होई. काळ्या शाईतली ही लांबलचक चित्रकथा दर महिन्याला थोडी थोडी छापून येई. माणसाचा चेहरा चित्रशाळेचे मास्तर काढत. त्याच्याभोवतीचा बर्फ, कडे, खिळे, दोर, सगळं ताईंचं. बावीस वर्षं त्यांनी हजारो फुटांच्या दऱ्या रंगवल्या, पण घरच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना त्या कठड्यापासून हातभर लांबच उभ्या राहत. "ताई, तुमचा कडा बघून आम्हाला चक्कर येते, आणि तुम्हाला स्टुलावर चढून," मास्तर म्हणत. ताई हसून मान खाली घालत आणि पुन्हा कड्याला लागत.

त्यांच्या धाकट्या भावाचं तसं नव्हतं. कारखाना बंद पडल्यावर, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसायचं काम धरलं. "तुझा तो गडी फुकट लटकतो, मला पगार मिळतो," तो म्हणाला. ताईंना हसू आलं नाही.

शिकवणी दोनच दिवसांची होती. कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा पोलादी चाप तो घरी घेऊन आला, तेव्हा ताईंनी तो समोर ठेवून हुबेहूब उतरवला. त्या महिन्याच्या अठराव्या पानावर त्यांना तोच हवा होता. चापात दोर एका बाजूने घातला तर वजन पडताच तो दोराला गच्च धरतो. उलट बाजूने घातला तर दोर नुसता सरसरत जातो. बाजू दाखवणारी खूण त्या जुन्या चापावरून केव्हाच घासून गेली होती.

"मला तुझ्या पानाची एक प्रत दे ना," एका संध्याकाळी भाऊ म्हणाला. "उद्या पहिल्यांदा एकट्याने उतरायचंय. त्या शिकवणाऱ्याचं बोलणं सगळं डोक्यावरून गेलं." चित्रशाळेतून त्याच दिवशी आलेल्या ताज्या प्रतींच्या गठ्ठ्यातून ताईंनी एक काढून दिली. तेव्हा त्यांनी पुन्हा नजर टाकली नाही. आपलंच तर चित्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे छपाईला जाणारी पानं खिडकीच्या काचेला मागच्या बाजूने लावून पाहिली. चित्र पाठीमागून बघितलं की वाकडं नाक, कललेला खांदा लगेच डोळ्यात भरतो. अठरावं पान लावलं आणि त्या तशाच थांबल्या. चाप मागून बरोबर दिसत होता.

म्हणजे पुढून चुकीचा.

"मास्तर, हे पान फिरवलंत?"

"परवाच. गोष्ट एकीकडे चाललीय आणि आपला माणूस बघतोय भलतीकडे. आरशातल्यासारखं उलटं करून घेतलं. का? छान जमलंय की!"

ताईंनी भावाला फोन लावला. वाजत राहिला. वर जाताना फोन खाली पेटीत ठेवायचा, असा तिथला नियमच होता.

भावाच्या कामाची इमारत दोन गल्ल्या पलीकडे. पायात चित्रशाळेतल्या सपाता, बोटं शाईने भरलेली, अशा ताई पळत सुटल्या. लिफ्ट चौदाव्या मजल्यावर थांबली. पुढे गच्चीवर जायला भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी होती, दोन्ही बाजूंनी उघडी. ताईंनी डोळे बारीक करून फक्त समोरचा गज पाहिला. मग त्याच्या वरचा. शिडीच हलतेय असं वाटलं.

गच्चीवर भाऊ कठड्यावर बसला होता. पाय बाहेर, पाठ ताईंकडे. गुडघ्याखाली चार घड्यांचं पान दाबून ठेवलेलं. सुरक्षेचा दुसरा दोर दुपारी येणार, तोवर एकावर भागव, असं मुकादमाने सांगितलं होतं.

किंकाळी ताईंच्या ओठांपर्यंत आली, तिथेच त्यांनी ती गिळली. दचकला तर संपलं. त्या हातापायांवर रांगत कठड्यापाशी गेल्या आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाल्या, "बारक्या, मागे सरक."

"ताई? तू इथे? वर?"

"आधी पाय आत घे."

"अगं, सगळं बघून लावलंय. तुझ्या चित्राबरहुकूम."

"चित्र चुकलंय."

"चुकेल कसं? तू काढलंयस!"

"मी काढलंय म्हणूनच सांगते. पाय आत."

त्याने एक पाय आत घेतला. मग दुसरा. गच्चीत उभा राहून, ताईंची समजूत काढायला म्हणून, त्याने दोरावर मागे रेलून सगळं वजन टाकलं. दोर सर्रकन चापातून निघाला आणि तो दाणकन बुडावर आपटला.

तसंच बसून त्याने चाप उघडला, दोर फिरवून घातला, उठून पुन्हा रेलला. या वेळी चापाने दोर पकडला. "आणि तो दुसरा दोर आल्याशिवाय मी काही उतरत नाही," तो कठड्याकडे न बघता म्हणाला.

ताईंनी तिथूनच मास्तरांना फोन केला. "छपाई थांबवा. अठरावं पान मी पुन्हा काढते."

"ताई, तेवढ्याशा चापासाठी? इतकं बारीक कोण बघतंय?"

"माझा भाऊ बघतो."

"थांबवतो छपाई. या लवकर," मास्तर म्हणाले.

पण यायचं कसं? शिडीचं तोंड बघूनच ताई मागे सरकल्या. शेवटी भाऊ आधी खाली उतरला आणि त्यांची पावलं हातात धरून एकेका गजावर टेकवू लागला.

"डावा पाय घे आता."

"नक्की डावा ना?" ताईंनी डोळे मिटूनच विचारलं. "नीट बघून सांग."