नांदुरे सरांनी फोन उचलला

आमच्या पांढुर्ण्यात दर चौथ्या बाभळीवर कोणी ना कोणी बसलेलं असतं असं म्हणतात. लहानपणी पैजेवर मी त्यातल्या बहुतेक बाभळींखाली लघवी करून आलेलो आहे. काही झालं नाही... बाबांनी पायताण काढलं ते सोडून. तेव्हा या ग्रुपवर असे भुताखेताचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलो, दोन-तीनदा तर खाली खवचट कमेंटसुद्धा टाकली. ज्यांच्या अनुभवाखाली टाकली त्यांची आधी माफी मागतो.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधतो. स्वतःच्या शोधायची गरज पडत नाही, त्या गावाला तोंडपाठ आहेत. चार वर्षं घरूनच काम चाललं होतं — वरच्या खोलीत लॅपटॉप, खाली आई ज्वारीच्या भाकरी थापतेय, असं राजेशाही. दिवाळीनंतर कंपनीचा मेल आला. आता ऑफिसला या. पुणे, इंदूर, हैदराबाद... तुम्हीच शहर निवडा. मात्र महिनाअखेरपर्यंत राहण्याचा पक्का पत्ता कळवा, नाहीतर नोकरी संपली असं समजा.

मी एक्सेल शीट केली. भाडं, पाऊस, ट्रॅफिक, पोहे, बिर्याणी, सगळ्यांना मार्क. पुणे पहिलं आलं. (पोह्यांत इंदूर पुढं होतं, पण पुण्यात दोन मित्र होते.) व्हिडिओ कॉलवर एक फ्लॅट पाहिला, मालकीणबाईंना मी आवडलो, त्यांनी फॉर्म पाठवला. त्यात रकाना होता — मूळ गावच्या, नात्यात नसलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्ती.

इथं माझी पहिली चूक. पांढुर्ण्यात मला ओळखणारा माणूस आणि माझ्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस हे दोन्ही एकाच अंगात सापडणं कठीण. एक सापडले, माझे शाळेतले गणिताचे मास्तर, त्यांना आता सगळेच विद्यार्थी चांगले वाटतात. दुसरा मी बनवला. श्री. डोमाजी नांदुरे, निवृत्त शिक्षक. असा माणूस गावात नाही, तालुक्यात नाही. नाव सुचलं ते लिहिलं. नंबर म्हणून आमच्या घरचा जुना लँडलाइन दिला, जो कित्येक वर्षांपूर्वी कापला गेलाय. फोन लागणार नाही, बाई कंटाळतील, मास्तरांवर भागवतील — असा माझा तल्लख हिशेब.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन.

"तुमच्या नांदुरे सरांशी बोलले मी. चांगली वीस मिनिटं."

मला हसूच आलं. म्हटलं रॉंग नंबर लागला असेल. "काय म्हणाले?"

"घर देऊ नका म्हणाले."

मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. तिसरीत असताना मास्तरांची सायकल विहिरीत गेली ती यानंच ढकलली. बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेवर तारीख चुकली ती यानंच चुकवली. मी ऐकत होतो, कान गरम होत होते, पण मनात म्हणत होतो, हे माझ्या मित्रांपैकी कोणाचं तरी काम आहे... सापडू दे बेट्याला.

"आणि शेवटी म्हणाले, त्याला विचारा, स्टार्टर ऑटोवर कोणी टाकला होता. मला काही कळलं नाही, पण तुम्हाला कळेल म्हणाले. ते बोलत होते तेव्हा मागं सारखा पाण्याचा आवाज येत होता हो. नळ उघडा राहिल्यासारखा."

मी फोन ठेवला. ही गोष्ट मित्रांना माहीत नव्हती. आईला, बाबांना नव्हती. पृथ्वीतलावर एकट्या मला माहीत होती.

तुम्हालाही सांगावी लागेल.

तिगावच्या वाटेवर आमचा संत्र्याचा बगीचा आहे. संत्र्याला बहार धरायचा तर आधी महिना-दीड महिना झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, पाहणाऱ्याला दया येते, पण मध्ये थेंब द्यायचा नाही. मग पाणी सोडलं की फुलं धरतात. ताण मोडला तर वर्षाचा बहार गेला. दोन वर्षांपूर्वी बगीचा ताणावर होता, आणि सौंसरला आमच्याकडचं लग्न होतं. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, सुखदेवभाऊ — अकरा वर्षं बगीचा त्याच्याच हातात — दोन दिवसांच्या सुट्टीवर गावी गेला. लग्नाला चकाचक गाडीवर जावं म्हणून भरदुपारी मी शेतात बाइक धुवायला गेलो. लाइन नव्हती, म्हणजे वीज गेलेली. ड्रममध्ये होतं तेवढ्या पाण्यात गाडी धुतली, ड्रम भरून राहावा म्हणून स्टार्टर ऑटोवर टाकला, आणि सौंसरला जाऊन नाचलो. मागं लाइन आली. मोटर सुरू झाली. ड्रम भरून वाहत राहिला, दोन दिवस, आणि उतार बगीच्याकडे.

परत आलो तर झाडांखाली चिखल.

"मालक, मी खटक्याले हात नाही लावला. लेकराची आन," सुखदेवभाऊ म्हणत होता.

"मोटरीच्या खोलीची किल्ली तुह्यापाशी होती ना बे? मंग का भुतानं लावला?" बाबा ओरडत होते.

दुसरी किल्ली माझ्या खिशात होती. मी तिथंच उभा होतो. तोंडात संत्र्याची फोड होती. ती गिळायलाही जमेना आणि बोलायलाही... तेवढ्यात बाबांनी त्याला चालता केला. पाडव्याला त्याचं साल पुरं व्हायचं होतं, त्याच्या तीन महिने आधीच. गावात पुन्हा कोणी त्याला कामावर ठेवलं नाही.

असो. त्या दिवशी मी माळ्यावर चढून जुना फोन काढला. वायर उंदरांनी खाल्लेली, डब्यात पालीची अंडी. मोबाइलवरून तो नंबर लावला. असा क्रमांक अस्तित्वात नाही, म्हणून रेकॉर्ड वाजली. तीन वेळा वाजली.

तरी मी सुधारलो असं समजू नका. शीटवर पुणं खोडलं आणि इंदूर घेतलं. या वेळी फॉर्मवर नांदुरेंचं नाव घातलंच नाही. फक्त गणिताचे मास्तर. दुसऱ्याच दिवशी घरमालकाचा फोन आला.

"भैया, आपके नांदुरे अंकल का फोन आया था."

"मैंने तो उनका नंबर दिया ही नहीं..."

"उन्होंने खुद किया. बोले, लड़के को पहले लोधीखेड़ा भेजो, इंदौर बाद में आए. देखो, आपके घर का मामला है, हमें नहीं पड़ना. और उनको बोलो मोटर बंद कर दें, पीछे चल रही थी, कुछ सुनाई नहीं दे रहा था."

सुखदेवभाऊ लोधीखेड्याला राहायला गेला, हे मी कुठंतरी ऐकून विसरून गेलो होतो. म्हणजे विसरल्यासारखं केलं होतं. आता महिना संपायला सहा दिवस होते आणि माझी एक्सेल शीट एका शहरावर येऊन ठेपली होती.

दुपारी बाबा जेवायला बसले तेव्हा मी सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ताट येतं अंगावर.

"सुखदेवले सांगतलं का हे?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून राहिला? माहं काय गेलं? एक बहार गेला. त्याचं तं नाव गेलं ना बे!"

ते उठून हात धुवायला गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात.

दुसऱ्या सकाळी बसनं सौंसर, तिथून लोधीखेडा. सुखदेवभाऊ एका शेडमध्ये संत्र्याच्या पेट्या ठोकत होता. तोंडात खिळे धरलेले. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं, अडखळत, मध्ये दोनदा सुरुवातीपासून. तो एकेक खिळा काढून ठोकत राहिला. पेटी पुरी झाली, तोंड रिकामं झालं, तेव्हा बोलला.

"मले मालूम होतं, नितीनबाबू. मोटरीपाशी साबणाचा फेस होता. सुखदेव काय बैल साबणानं धुते?"

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

"मालकाचं पोरगं खोटं आहे, हे नौकरानं सांगावं? तुमी सांगान म्हणून मी फाटकापाशी थांबलो होतो. तू घरात गेला. दार लावून घेतलं तुनं."

मी माफी मागितली.

"ते ठेव तुह्यापाशी. मले नको."

परत येतोस का, विचारलं. त्यानं नवीन पेटीची फळी उचलली. मग मी नांदुरेंचं विचारलं, फोन तूच केले का म्हणून. तो पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघायला लागला, डोकं फिरलेल्याकडं बघतात तसा. "कोन नांदुरे? पुण्याच्या बाईचा नंबर मले कोनं देला?" आणि मी वळलो तेव्हा मागून म्हणाला, "त्या तुह्या कागदावर माहा नंबर टाक. खरं आहे तेवढं सांगीन. जास्त नाही, कमी नाही."

टाकला. हैदराबादचे घरमालक दख्खनी हिंदीत म्हणाले, "तुम्हारा आदमी बोला, पोट्टा चोर नहीं है, डरपोक है. मोटर के पास नक्को जाने दो बोला." आणि खोली दिली.

आज दुसरा महिना. या इमारतीत पाण्याच्या मोटरीचा खटका दाबायची परवानगी वॉचमनच्या म्हाताऱ्या आईलासुद्धा आहे. मला नाही.

आता खाली कमेंटमध्ये क्रॉस कनेक्शन, व्हॉइस अ‍ॅप, मनाचे खेळ वगैरे येईल. ते सगळं मी तपासलंय, तपासणं हाच माझा धंदा आहे. पुण्याच्या बाईंनी कॉलची नोंद पाठवली, नंबर आमचाच आहे, वीस मिनिटं. इंदूरच्या मालकाकडं कुठली नोंदच सापडली नाही. माझ्याकडं उत्तर नाही. माझ्याच डोक्यातून निघालेल्या माणसाला माझा एवढा राग का, याचं तेवढं आहे.

एक राहिलं. बाबा दोनदा लोधीखेड्याला जाऊन आले, हात जोडून आले. सुखदेवभाऊ परत यायला तयार नाही. बगीचा पुन्हा ताणावर आहे आणि पाहायला कोणी नाही. तेव्हा नांदुरे सर, जिथं कुठं असाल तिथून हे वाचत असाल, तर त्यालाही एक फोन करून बघा. माझं तो ऐकत नाही. तुमचं सगळे ऐकतात.

फक्त त्याआधी मागची मोटर बंद करा.