मार्थाबाईंचा कागद

चूल पेटवण्याआधी मार्थाबाई कालची राख चिमूटभरसुद्धा शिल्लक ठेवत नसत. बोर्डिंगच्या मुली भुकेने ताटं वाजवू लागल्या, तरी आधी राख निघायची. "कालच्या राखेवर आजचा जाळ धरत नाई, माय," त्या म्हणत.

एकोणीसशे साठच्या सुमारास यवतमाळच्या त्या मिशन शाळेत मी नवी शिक्षिका होते. मुलांनो, तुमची आजी तेव्हाही अशीच होती: वहीला समास, कपाटाला कुलूप, प्रत्येक कामाला ठरलेली वेळ. मार्थाबाई पन्नाशीच्या, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नसे. मला त्या 'मास्तरीणबाई' म्हणत आणि चिडवायचं असलं की 'घड्याळबाई'.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. नव्या वर्षाच्या सकाळी देवळात प्रत्येकाने आपला निश्चय कागदावर लिहायचा आणि पाकीट चिकटवून पाळकसाहेबांकडे द्यायचं. पुढच्या वर्षी त्याच सकाळी ते पाकीट न उघडता परत मिळे. माझ्या कागदावर अकरा कलमं होती. मार्थाबाईंनी त्यांचा कागद मला लिहायला दिला.

"लिव्हा, आज सखूसंग बोलीन."

"एवढंच?"

"एवढंच तं होऊन नाई राह्यलं!"

सखू त्यांची धाकटी बहीण, बाभुळगावला दिलेली. मार्थाबाई ख्रिस्ती झाल्यावर सखूच्या घरच्या एका लग्नात तिच्या सासूने त्यांचं पान पंगतीपासून दूर मांडलं. तो राग त्यांनी इतका धरला, की पुढे सखूचा नवरा वारला तेव्हाही त्या गेल्या नाहीत. "सखू तिथं रडत असंन, अन् मी इथं भाकरी थापत होती," हे त्या पुन्हा पुन्हा सांगत.

'आज' हा शब्द मला वर्षाच्या निश्चयाला शोभेना. त्यांना न सांगता मी सुबक अक्षरात लिहिलं: या वर्षात बहिणीशी समेट करीन.

वर्ष सरलं, पाकिटं परत आली. माझी आठ कलमं पार पडली होती, मी खुशीत होते. देवळाच्या पायरीवर मार्थाबाई म्हणाल्या, "माहं वाचा." मी वाचलं.

"म्या 'आज' सांगतलं होतं. तुमी 'वरीस' लिव्हलं?"

"वर्षात आजही येतोच ना, मार्थाबाई?"

"येते न! पन वरीस हाती असलं तं मानूस आज कायले जाईन? देव एकेक दिवस देते, तुमी तीनशे पासष्ट देल्ले. लई दिलदार बाप्पा तुमी!" त्या हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. "तुमच्यावर कायले बोलू? माह्या मनानंबी वरीसच लिव्हलं होतं."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं तं चाला माह्यासंग. एकटीचे पाय उचलत नाईत."

दुपारच्या मोटारीने आम्ही बाभुळगावला निघालो. वाटभर त्या डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. मध्येच विचारलं, "सखूनं दार लावलं तं?"

सखू अंगणात तूर पाखडत होती. मार्थाबाई फाटकापाशीच थांबल्या.

"सखू, तुह्या घरी मरन झालं अन् मी आली नाई. मले माफ कर."

पंगतीचा शब्दसुद्धा त्यांनी काढला नाही. सखूचं सूप थांबलं, पुन्हा हललं, पुन्हा थांबलं.

"इतक्या दिवसानं आली," ती वर न बघता म्हणाली, "अन् बोलाले हिंमत नोती म्हनून मास्तरीण आनली का?" मग ती रडायलाच लागली. "पाय धू. जेवल्याबिगर जाऊ नोको."

तिने दोघींसाठी एकच ताट वाढलं. वेगळं पान त्या दिवशी फक्त मला मिळालं.

पुढच्या नव्या वर्षी मी कागद काढला. "यंदा काय लिहू?"

"तेच. आज सखूसंग बोलीन."

"अहो, आता तर बोलता की!"

"परवा आलती. माह्या वरनात मीठ जास्त म्हने. भांडून गेली न बाप्पा!"

या खेपेला मी त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. माझ्या स्वतःच्या कागदावरही तेव्हापासून एकच ओळ असते, आणि ती 'आज'ने सुरू होते.

काही वर्षांनी मार्थाबाई थोड्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. शेवटचे चार दिवस सखू त्यांच्या उशाशी होती. माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर सखू चुलीपुढे बसलेली. मुली जेवायच्या थांबल्या होत्या. "जरा दम धरा, माय," असं त्यांना म्हणत ती आधी कालची राख काढत होती.