काचेमागचं मुक्तिपत्र

आत्याने उभी हयात विद्यापीठात गुलामगिरीचा इतिहास शिकवण्यात घालवली. बाबा म्हणायचे, "हिचं लग्न दप्तरखान्याशी लागलंय."

विद्यार्थी तिला टरकून असत. कुणी जुना कागद दाखवला की ती पहिलं विचारायची, "पाठ बघितलीस?" पुढच्या बाजूला मालक बोलतो, खरं काय ते कारकून मागे खरडून ठेवतो, असं तिचं म्हणणं. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा ती आधी उलटी करायची.

तिचं नाव झालं ते एका मुक्तिपत्रामुळे. दप्तरखान्याच्या भिंतीवर ते काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. एका मालकाने आपल्या गुलाम स्वयंपाकिणीला 'कृपावंत होऊन' मुक्त केलं, असा मजकूर. त्यावर आत्याने पंचविशीत पुस्तक लिहिलं. ती निवृत्त झाली त्या वर्षी नगरपालिकेने त्या मालकाच्या घरासमोर पाटी लावायचं ठरवलं. मजकूर आत्याच्या पुस्तकातला, खाली आत्याचं नाव. समारंभासाठी चौकट पुसायला खाली घेतली तर काच तडकली. आत्याने कागद बाहेर काढला आणि सवयीने उलटा केला.

मागे कोर्टाच्या कारकुनाची नोंद होती. बाईने तीनदा अर्ज केला होता. तिसऱ्यांदा कोर्टाने मालकाला सही करायला लावली. शेजारी बाईची निशाणी, एक वेडंवाकडं वर्तुळ.

"दिव्याखाली अंधार," मी म्हटलं. आत्या हसली नाही. जीभ आवरायला हवी होती, असं मला वाटलं.

तिने लगेच नगरपालिकेच्या साहेबांना फोन लावला. "पाटी चुकलीय. चूक माझी आहे."

"अहो मॅडम, समारंभ परवावर आलाय. एवढं बारीक वाचतंय कोण?"

"मी रोज तिथूनच भाजीला जाते," आत्या म्हणाली.

पाटी झाकलेलीच राहिली. भर समारंभात आत्याने चाळीस वर्षांची चूक कबूल केली. पुढच्या रांगेतले दोन प्राध्यापक एकमेकांकडे बघून हसले. मला त्यांचा संताप आला, आणि आत्याचा फार अभिमान वाटला.

महिन्याभराने नवी पाटी लागली. त्यावर तीन अर्जांची हकिकत आहे, आणि आत्याच्या नावाच्या जागी ते वेडंवाकडं वर्तुळ.

"स्वतःचं नाव काढायला लावलंस. वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की," ती म्हणाली. "पण झगडली ती, आणि मी चाळीस वर्षं मालकाचे आभार मानत बसले. तिला काय वाटलं असतं गं?"