मिशीवाली सवत

नागभीडच्या भैयाजी सुताराने १९५५ च्या हिवाळ्यात सागवानी चौकटीत काचा बसवून एक पेटी केली. सांध्यांना जवसाच्या तेलात कालवलेली राळ भरली. त्याची बायको रुखमाबाई हिला वाटले, कपाट असेल. मग त्याने तिला विहिरीचे पाणी आणून पेटी भरायला सांगितले.

चांद्याच्या एका लाकूड ठेकेदाराकडे दारे बसवताना भैयाजीने इंग्रजी मासिकात एक रंगीत चित्र पाहिले होते. कुण्या साहेबाच्या दिवाणखान्यात काचेची टाकी आणि तिच्यात फिरणारे शार्क. ते चित्र डोक्यातून जाईना. त्याने तलावात मासे धरणाऱ्या पोचू ढिवराला तसा मासा मिळेल का, असे विचारले.

"तसल्या तोंडाचा आपल्या तलावात एकच," पोचू म्हणाला. "शिवडा. पन भाऊ, त्याच्यासंगं दुसरं काही ठेवू नको. गिळून टाकंल."

पोचूने आणलेला शिवडा हातभरही नव्हता. रुंद तोंड, लांब मिशा. दिवसभर दगडाच्या कपारीत दडून बसे. भैयाजीने ती मादी असल्याचे स्वतःच ठरवले आणि तिचे नाव ठेवले राणी.

घोटाळा इथेच झाला. त्या घरात बायकोचे नाव घेण्याची रीत नव्हती. आवाज द्यायचा तर "अवं", फार तर "आयकलं का". मूल असते तर रुखमाबाई अमक्याची माय झाली असती, पण मूल नव्हते. सासू गेल्यापासून तिचे नाव त्या घरात कोणी उच्चारले नव्हते. आता सकाळ-संध्याकाळ पेटीवर वाकून भैयाजी लाडाने बोलवी, "राणी, ये वं राणी!" बाजारातले ताजे झिंगे आधी राणीला, उरलेले चुलीवर. पाणी रोज बदलायचे, तेही रुखमाबाईनेच ओढायचे.

शेजारची गुणाबाई हे सगळे कुंपणावरून पाही. "रुखमे, तुह्या घरात सवत आली वं. थे बी मिशीवाली!"

"हास तू," रुखमाबाई म्हणाली. "तुह्या घरी आली असती मंग समजलं असतं."

संक्रांतीनंतर भैयाजी कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या कामाला वरोऱ्याला गेला. जाताना म्हणाला, "राणीले उपाशी ठेवू नको." तू काय खाशील, हे त्याने विचारले नाही.

पहिल्या दिवशी रुखमाबाईने पेटीकडे पाहिलेच नाही. दुसऱ्या दिवशी तिखटमीठ वाटून ठेवले आणि शिवडा धरायला टोपली घेऊन आली. हात आत घालताना बांगड्या काचेवर वाजल्या. दगडाखालून मासा सरळ वर आला आणि तोंड उघडून थांबला. तिने टोपली खाली ठेवली, झिंगा आणला.

दया आली, असे तिने कधीच म्हटले नाही. "थी थ्यायची होती ना," असे ती गुणाबाईला म्हणाली. "मले थी माही करायची होती." भैयाजी परतेपर्यंत ती रोज बांगड्या वाजवून खायला घालत राहिली.

भैयाजी आला तो पायही न धुता पेटीवर वाकला. राणी, राणी म्हणून घसा कोरडा केला. दगड हलला नाही. चुलीजवळून रुखमाबाई आली, मनगट काचेला टेकवले. मासा तिच्या बोटांपाशी आला.

"तुह्याकडं काऊन येते?"

"बांगड्या आयकून."

भैयाजीचे तोंड उतरले. तो जेवला नाही. सकाळी म्हणाला, "खायाले घालताना बांगड्या काढून ठेवत जाय."

"अजी, तुमी जित्ते असताना हात रिकामे करू? लोक काय म्हनतीन?" भैयाजीने रंधा उचलला. मग ती म्हणाली, "राणीले आवाज देता तसा मले बी देऊन पाहा. मी तं मासा नाई, आयकून येईन."

रविवारी स्टेशनवरची मंडळी शार्क पाहायला आली. भैयाजीने त्यांना आधीच पुष्कळ सांगून ठेवले होते. मासा कपारीत. "अवं," त्याने हाक मारली. स्वयंपाकघरात ताटल्यांचा आवाज सुरूच राहिला. "आयकलं का?" ताटल्या वाजतच होत्या. एक पाहुणा हसून म्हणाला, "भैयाजी, शार्क पळाला वाटतं."

"रुखमा!"

ताटल्या थांबल्या. रुखमाबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि दुसरी हाक आल्यावरच बाहेर आली. काचेवर बांगड्या वाजल्या आणि मासाही आला. ती हाक माशासाठी होती, हे तिला कळत होते. तरी पाहुणे बोलवा, असे ती अधूनमधून सुचवत असे.

पुढच्या उन्हाळ्यात शिवडा पेटीत मावेना. पोचूने तो मोठ्या तलावात सोडला. भैयाजी दोन दिवस कामाला गेला नाही. तिसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन बसला.

"अवं, पानी दे."

"कोनाले म्हनता?" आतून आवाज आला.

भैयाजीने कुंपणाकडे पाहिले. गुणाबाई नव्हती. त्याने हळूच नाव घेतले.

पाणी आले.