हर्षलचा हात आणि ललिताचा बॉक्स

ललिता ही माफ करणाऱ्यांतली बाई नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडते. अंबड लिंक रोडला आमच्या दोघांच्या पत्र्याच्या शेड शेजारीशेजारी आहेत. मी गाड्यांची सीट कव्हरं शिवतो, ती गाड्यांत बसवायचे सबवूफरचे, म्हणजे खोल आवाजाच्या स्पीकरचे, बॉक्स बनवते. माहेर ओझरजवळच्या खेड्यातलं, बाप सुतार. करवत हातात घेऊनच मोठी झाली.

आधी ती द्वारका चौकाजवळ हर्षलच्या स्पीकरच्या दुकानात होती. हर्षल काउंटरवर बसून गोड बोलायचा आणि ही मागच्या खोलीत प्लाय कापायची. एकदा एका गिऱ्हाइकाला बॉक्स फार आवडला. हे कोणी बनवलं, असं त्याने विचारलं तेव्हा ललिताने मान वर केली. तिच्याकडे न बघताच हर्षल म्हणाला, "डिझाइन माझंय. ती भुसा झाडायला येते."

ललिताने ग्राइंडरचा प्लग काढला, बापाचा काटकोन बघायचा गुण्या पिशवीत टाकला आणि निघाली ती निघालीच. रडलीबिडली नाही. पण ते वाक्य तिने जपून ठेवलं. चहा पितानाही मधूनच म्हणायची, "भुसा झाडायला येते." मग कप जरा जोरात आपटायची.

ती गेल्यावर हर्षलचे बॉक्स घुमेनात. मग त्याने वेगळाच उद्योग सुरू केला. ललिताचा नवा बॉक्स कुठल्या गाडीत बसला की त्या गाडीवाल्याला गोड बोलून बोलवायचा, वायरिंग फुकट तपासून देतो म्हणायचा, आणि स्पीकर काढून त्या भोकातून हात घालून आतलं सगळं मापून घ्यायचा. आठवडाभरात तोच बॉक्स त्याच्या दुकानात, वर त्याचं लाल स्टिकर. बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. मीही नव्हतो बोलत, फक्त मनातल्या मनात शिव्या घालायचो.

अशात वणीला भाविकांच्या फेऱ्या मारणारा पुंजा जीप घेऊन आला. त्याला बास हवा होता, पण एकही सीट घालवायची नव्हती. जागा काय ती मागच्या बाकाखालची, त्यातही चाकाचा उंचवटा आत घुसलेला. अशा बॉक्सला एक लांबट तोंड ठेवतात, त्याला पोर्ट म्हणतात. आतली हवा तिथून ये-जा करते आणि आवाज खोल होतो. पोर्ट आखूड पडला तर खोल आवाजाला स्पीकरचा पडदा मोकाट सुटतो, फाटतोसुद्धा. म्हणजे पोर्ट लांब हवा, आणि जागा तर हातभर.

ललिता आधी पुठ्ठ्याचा बॉक्स करून बाकाखाली सरकवून बघते. मग प्लायचा झाला की आत बाजरी भरते आणि मापट्याने मोजत बाहेर काढते. आत हवा नेमकी किती मावणार, ते बाजरी सांगते. हर्षल या बाजरीला फार हसायचा. इथे भाकरी थापायच्यात का, असं गिऱ्हाइकांसमोर विचारायचा. स्वतः मात्र बाहेरून टेप लावायचा आणि आत हात घालायचा, बस्स.

पुंजाच्या बॉक्सचा पोर्ट ललिताने शेवटी वळवला आणि मागच्या भिंतीलगत लपवून नेला. मध्ये पातळ फळी. भोकातून हात घातला तर ती फळी म्हणजेच बॉक्सची पाठ वाटावी आणि पोर्ट वळणाआधीच संपला असं वाटावं. पोर्टचं आतलं टोक उघडत होतं चाकाच्या उंचवट्यामागे, जिथे कोणाचा हात पोचणार नाही. जागेसाठी वळण लागणारच होतं, पण ते इतकं झाकायची काही गरज नव्हती. मी विचारलं, "अन् कोणा गरिबाचा स्पीकर फाटला तर?"

"मी कोणाला चोरी करायला सांगितली नाय," ती म्हणाली आणि फळीला गोंद लावत राहिली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पुंजाची जीप अशी घुमली की जीप स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर येऊन ऐकून गेले. हर्षलनेही वायरिंग तपासायला बोलावलं. पुंजा गेला आणि वर ललिताला सांगूनही गेला. त्या दिवशी ती गुणगुणत होती.

नवरात्राच्या तोंडावर हर्षलने राजू नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या जीपमध्ये तसाच बॉक्स बसवला. स्टँडवर सगळ्यांसमोर मोठ्या ऐटीत आवाज वाढवला. गाण्यातला ढोल सुरू झाला, पडदा फडफडला आणि फाटला. हर्षलने नवा स्पीकर लावला, तोही फाटला. राजू तापट माणूस. बॉक्स मुळात कोणाचा ते पुंजाने त्याला सांगितलंच होतं. राजूने हर्षलला गाडीत घातलं आणि भर दुपारी ललिताच्या शेडसमोर आणून उभं केलं. मागोमाग स्टँडवरचे चार रिकामटेकडेही आले. मी मशीन बंद करून बाहेर आलो.

"ललिताताई, जरा बघता का, काय चुकलंय," हर्षल म्हणाला. इतक्या वर्षांत ताई पहिल्यांदाच.

"बॉक्स कोणाचा?"

"आमच्याच दुकानातला."

"मंग तुमच्या बॉक्समधलं मला काय कळणार? मी तर भुसा झाडायला येते."

हर्षलने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या सीट कव्हरचे टाके बघत राहिलो. राजू म्हणाला की नवरात्रात माझी जीप मुकी राहिली तर स्टँडवरचा एकही माणूस तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. हर्षलने घाम पुसला. मग खाली बघत पुटपुटला की डिझाइन यांचं आहे.

"राजूभाऊला ऐकू आलं नाय," ललिता म्हणाली.

"डिझाइन यांचंय," तो मोठ्याने म्हणाला. "मी हात घालून माप चोरलं. आधीचे बॉक्सपण यांचेच."

ललिताने मान डोलावली. त्याला लाल स्टिकर नखांनी खरवडायला लावलं, पटाशी समोर पडली होती तरी दिली नाही. मग बॉक्सची पाठ कापली, पोर्टला राहिलेलं वळण दिलं, बाजरी भरून मोजली आणि हर्षलच्या खर्चाने नवा स्पीकर बसवला. जीप घुमली. राजूने तिला हात जोडले. हर्षल सुटल्यासारखा गाडीकडे निघाला.

"थांबा," ललिता म्हणाली. कोपऱ्यातला खराटा आणून तिने त्याच्या हातात दिला. मग जमिनीवरच्या भुशाकडे बघितलं.

सगळे बघत होते. हर्षल वाकला आणि झाडू लागला. मला दया आली नाही. ललिता स्टुलावर बसून शांतपणे चहा पीत होती. तो खराटा ठेवायला गेला तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"तिकडं बाकाखालचा राहिला," ती म्हणाली.